वाचकांचे प्रश्न : घरात फोन आहे, पण ओटीपी मुंबईला जातो

गेल्या अंकात लिहिलं होतं की दवाखाना, औषधं, योजना असं सगळं मोबाईलवर यायला लागल्यावर कोण मागे राहतंय हे शोधायला आता गावातल्याच माणसांना पीअर रिसर्चर म्हणून घेतात, म्हणजे ज्यांनी स्वतः ही अडचण काढलीय तेच प्रश्न ठरवतात, तेच घरोघरी जाऊन विचारतात आणि उत्तरांचा अर्थ लावायलाही तेच बसतात. त्यावर रत्नागिरी, सिंधुदुर्गातून भरपूर पत्रं आणि मेसेज आले. मी याच कामासाठी मुलामुलींना ट्रेनिंग देते, त्यामुळे एखादं उत्तर जरा लांबलं तर चालवून घ्या. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी गुहागर तालुक्यातली, शिक्षण बारावी, लग्नानंतर घरीच आहे. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांसाठी मीच ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन दवाखान्यावर, डॉक्टरांशी बोलते. एका संस्थेने मला पीअर रिसर्चर म्हणून काम करशील का असं विचारलंय. पण मी काय रिसर्च करणार? आणि आमच्या वाडीत सगळे नात्यातले, ते मला खरं सांगतील का? घरी म्हणतात लोकांच्या घरात नाक कशाला खुपसतेस. हो म्हणायच्या आधी काय काय विचारून घेऊ?

उत्तर : अगं, आधी ते बारावीचं मनातून काढ. आकडे जुळवायला, रिपोर्ट लिहायला संस्थेत शिकलेली माणसं असतात, पण कुठल्या घरी बाई दुपारी एकटी असते, कोणाच्या घरातला एकुलता एक फोन दिवसभर नवऱ्याबरोबर बोटीवर असतो, रेंज खळ्यात येते की सड्यावर चढावं लागतं, हे त्यांना कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही आणि तुला ते न सांगता माहितीय. लॉगिन करताना कुठे अडतं, डॉक्टर दिसतात पण आवाज तुटतो तेव्हा काय करायचं, प्रिस्क्रिप्शन आलं पण मेडिकलवाला फोनवरचं बघून गोळ्या द्यायला तयार होत नाही तेव्हा काय, हे सगळं तू केलंयस. या कामाला हीच पात्रता लागते आणि ती कुठल्या कॉलेजात मिळत नाही.

आता प्रश्न विचारण्याबद्दल. तुला बहुतेक एक छापील फॉर्म देतील आणि त्यात पहिलाच प्रश्न असेल, घरात स्मार्टफोन आहे का? सगळे हो म्हणतील. दुसरा असेल, तुम्ही ऑनलाइन आरोग्यसेवा वापरता का? यावर निम्मे लोक गप्प बसतील नाहीतर तुला बरं वाटावं म्हणून हो म्हणतील. अशा प्रश्नातून काही हाताला लागत नाही. त्यापेक्षा शेवटच्या वेळचं विचार. शेवटचं घरात कोण आजारी पडलं, तेव्हा पहिल्यांदा कोणाला फोन केला, तो फोन कोणाचा होता, नंबर कोणी लावला, बोललं कोण, डॉक्टर काय म्हणाले ते पेशंटला स्वतःला ऐकू आलं का, गोळ्या कुठून आणल्या, पैसे किती गेले. माणूस एकदा घडलेलं सांगायला लागला की पुढचं आपोआप येतं आणि मधेच कुठेतरी ती जागा सापडते जिथे सगळं अडलं होतं. मधे तोडू नकोस. चहा घे, ऐक.

ई-संजीवनीच्याही दोन वाटा आहेत आणि फॉर्ममध्ये त्या वेगळ्या आहेत का ते नक्की बघ. एक म्हणजे सबसेंटरला, म्हणजे गावच्या आरोग्य उपकेंद्राला जायचं, तिथल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम त्यांच्या कॉम्प्युटरवरून मोठ्या डॉक्टरांना जोडून देतात, ही २०१९ पासून आहे आणि तिला पेशंटकडे स्वतःचा स्मार्टफोन लागत नाही. दुसरी घरबसल्या आपल्या फोनवरून, ती लॉकडाऊनमध्ये एप्रिल २०२० ला आली. दोन्ही एकाच रकान्यात टाकल्या तर सबसेंटरला चालत गेलेली म्हातारी आणि पलंगावर बसून फोन लावणारा कॉलेजचा मुलगा दोघं सारखेच दिसतात, मग अडचण कोणाला आहे ते कळणार कसं?

नात्यातले खरं सांगतील का, हा तुझा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काही गोष्टी सांगतील आणि त्या बाहेरच्याला कधीच सांगितल्या नसत्या. पण काही गोष्टी तुलाच सांगणार नाहीत. ज्या घरात टीबीचा पेशंट आहे, ज्या मुलीने गर्भपात केलाय, ज्याला दारू सोडायचीय, तो भावकीतल्या सुनेसमोर तोंड उघडणार नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून संस्थेला सांग की आम्हाला वाड्या बदलून द्या, तू पलीकडच्या गावातल्या वाडीत जा आणि तिथली मुलगी तुमच्या वाडीत येऊ दे, म्हणजे बोलणं आपल्यातलंच राहतं आणि डोळ्यासमोर रोजचा शेजारही नसतो. आम्ही हे नेहमी करतो.

आणि जे ऐकलं ते ऐकलं. नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही, बचत गटात तर नाहीच. रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका असं कोणी सांगितलं तर साफ नाही म्हण. वहीत नाव लिहू नकोस, नंबर लिही, आणि कोणता नंबर कोणाचा तो कागद वेगळा ठेव, तोही घरात नको. घरच्यांना पण हेच सांग, की मी नाक खुपसायला जात नाहीये, लोकांनी विश्वासाने सांगितलेलं जपायची जबाबदारी घेतेय, आणि तुम्ही मला काय कळलं ते विचारायचं नाही.

एक अपवाद मात्र आहे आणि तो संमती घेतानाच सांगायचा असतो, नंतर नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवावंच लागतं, तिथे गुप्तता चालत नाही. तू एकटीने धावायचं नाही, संस्थेत याची जबाबदारी कोणाकडे आहे ते नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी मागून घे. बोलता बोलता कोणी जगायचंच नाही असं काही म्हणालं तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तो तुझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेव. फॉर्म तिथेच थांबव आणि त्या माणसाजवळ बस.

हो म्हणायच्या आधी संस्थेकडून लेखी घे. एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात लोकांचं नुकसान होत नाही ना ते तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का, आणि त्या कमिटीचा संपर्क माहितीपत्रकावर छापलाय का. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची नियमावली आहे, त्यात हे सगळं येतं, संमती माणसाला कळेल अशा भाषेत घ्यायची, वाचता येत नसेल तर वाचता येणारा त्रयस्थ साक्षीदार बसवायचा, आणि कोणालाही मधेच नको वाटलं तर कारण न देता बाहेर पडता आलं पाहिजे. मग तुझं मानधन. ट्रेनिंगच्या दिवसांचे पैसे मिळणार का, एसटीचं भाडं आणि एसटी चुकली तर रिक्षाचं, फोनचं रिचार्ज, घरी कोणी भेटलं नाही म्हणून फुकट गेलेल्या फेरीचे पैसे. यात लाजू नकोस. ऑफिसात बसून तुझ्याच कागदांवर काम करणाऱ्याला महिन्याचा पगार असतो आणि उन्हात घाटी चढणाऱ्या बाईला एक वही, पेन आणि सर्टिफिकेट, हे मला अजिबात पटत नाही, मी जिथे जाते तिथे यावर भांडते. रिपोर्टवर तुझं नाव येणार का तेही विचार.

प्रश्न : मी वेंगुर्ल्याकडचा, वडील मच्छीमार. आम्ही पाच-सहा मुलं मिळून हे काम करतोय. संस्थेचे सर म्हणतात की गणपतीत सगळी माणसं घरी सापडतात तर त्या आठवड्यात सर्व्हे उरकून टाका. मला ते बरोबर वाटत नाही पण का ते नीट सांगता येत नाहीये.

उत्तर : तुला बरोबर वाटत नाही ते बरोबरच आहे. गणपतीत चाकरमानी आलेले असतात, प्रत्येक घरात तीन-चार चांगले फोन दिसतात, नातवंडं आजीला व्हिडिओ कॉल लावून देतात, आणि तुमचा फॉर्म सांगेल की वाडीत काही अडचणच नाही. विसर्जन झालं, गाड्या मुंबईला लागल्या की त्याच घरात एक बटणाचा फोन आणि दोन म्हातारी माणसं उरतात. तेव्हा जा. तेव्हा ऐकायला मिळेल, "फोन हा, पण नंबर झिलाचो. ओटीपी मुंबयक जाता, मगे तो माका फोन करून सांगता, तवसर टाइम संपता." झील म्हणजे मुलगा, तो ड्युटीवर असेल, लोकलमध्ये असेल, झोपलेला असेल, आणि इकडे आई काउंटरसमोर उभी. मला विचारशील तर आपल्या किनारपट्टीवरची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे आणि ती रेंजच्या नकाशात कुठे दिसत नाही. म्हणून फॉर्ममध्ये एक रकाना वाढवून घ्या, आधारला कोणाचा नंबर जोडलाय आणि तो माणूस आत्ता कुठे आहे.

फोन घरात असणं आणि बाईच्या हातात असणं यातही फरक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधीतरी इंटरनेट वापरलंय का असं विचारलं होतं, देशभरात पुरुषांत ५७.१ टक्के हो म्हणाले आणि बायकांत ३३.३ टक्के. कधीतरी हं, रोज नाही. तेव्हा घरातल्या पुरुषाने आमच्याकडे सगळं आहे असं सांगितलं तरी बाईला वेगळं विचारायचं, आणि ती बोलताना तो समोर नसेल अशी वेळ बघायची. काजूच्या बिया सोलायला बायका बसतात तिथे, नळावर नाही कारण तिथे सगळ्या ऐकतात.

बाकी वेळापत्रक तुम्हीच बनवा, सरांना बनवू देऊ नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तुझ्या वडिलांसारखी माणसं घरी भेटतील. पण त्याच जुलैत लावणी असते, शेतावरच्या बायका संध्याकाळी पाठ टेकायच्या आधी तुमच्याशी बोलणार नाहीत. एप्रिल-मेमध्ये आंबेवाल्यांच्या दारात जाऊ नका, पण त्यांच्या बागेत राहणारे नेपाळी गुरखे असतात त्यांच्याकडे नक्की जा, त्यांचं आधार कुठलं, फोन कुठला, आजारी पडले तर जातात कुठे हे कोणीच विचारत नाही. आणि पावसाळ्यातली एक तरी फेरी ठेवाच. लाइट गेली, टॉवरची बॅटरी उतरली की काय होतं ते आपण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे बघितलं, मे २०२१ च्या तौक्तेत परत बघितलं, गावंच्या गावं कितीतरी दिवस अंधारात होती. कोरड्या महिन्यात गोळा केलेल्या माहितीवरून पावसाळ्यातल्या बाळंतिणीसाठी निर्णय घेतले जातात, ते व्हायला नको.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यात आशा आहे. घराघरात माझी ओळख आहे, मग पीअर रिसर्चर म्हणून मलाच का घेत नाहीत?

उत्तर : आशाताई, तुमच्याइतकं गाव कोणी ओळखत नाही हे शंभर टक्के मान्य. पण तुमच्या स्वतःच्या गावात तुम्ही हे काम करू नये असं माझं प्रामाणिक मत आहे. बाळंतपणाच्या योजनेचा फॉर्म तुम्ही भरून देता, लसीकरणाची यादी तुमच्याकडे, तर तुमच्या समोर बसून कोण म्हणेल की माझा फॉर्म अडकला आणि कोणी लक्ष दिलं नाही? बोलणार नाहीत, पुढच्या वेळी तुमच्याशीच काम पडणार आहे. तुमची जागा या अभ्यासात माहिती देणारी म्हणून फार मोठी आहे. गावातले निम्मे ओटीपी तुमच्या फोनवर येतात, किती अ‍ॅपं तुमच्याच फोनमध्ये आहेत, डेटा पॅक कोणाच्या पैशाने, रात्री किती वाजेपर्यंत एंट्री करत बसता, हे कोणीतरी तुम्हाला विचारून नोंदवलं पाहिजे. गावं डिजिटल झाली असं वरती दिसतं त्यातलं बरंचसं आशांनी आपल्या फोनवर ओढलेलं असतं. संस्थेला सांगा, आशांच्या मुलाखती वेगळ्या घ्या.

प्रश्न : मी दापोलीचा, निवृत्त शिक्षक. शेजाऱ्याने शेजाऱ्याला विचारायचं आणि त्याला संशोधन म्हणायचं, यात तटस्थपणा कुठे राहिला?

उत्तर : सर, शंका रास्त आहे. गावातला माणूस आपल्या ओळखीच्या, आपल्या आळीतल्या घरात जास्त जातो, दुसऱ्या समाजाच्या मोहल्ल्यात कमी जातो, हे होतं. त्यावर उपाय असा की घरं आधीच चिठ्ठ्या टाकून निवडायची, कोणत्या घराने नकार दिला तेही लिहायचं, आणि दोघांनी वेगवेगळं ऐकलेलं एकत्र बसून ताडून बघायचं. पण बाहेरून आलेला माणूसही तटस्थ नसतो हो, तो रस्त्यालगतच्या घरांत जातो, जिथे गाडी जाते तिथे, आणि शुद्ध मराठीत उत्तर देणाऱ्याचं जास्त लिहून घेतो.

लोकांनी स्वतः दवाखान्याची पाहणी करायची ही पद्धत आपल्या राज्याला नवीन पण नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा महाराष्ट्र पहिल्या राज्यांमध्ये होता, गावकरी पीएचसीची (प्राथमिक आरोग्य केंद्र) पाहणी करायचे, गुण द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. त्यातून औषधांच्या चिठ्ठ्या बाहेर लिहून देणं, रुग्णांकडून पैसे घेणं असल्या गोष्टी उघड्यावर बोलल्या गेल्या. आता औषधाच्या खिडकीच्या जागी अ‍ॅप आलंय तर तशीच पाहणी अ‍ॅपचीही व्हायला हवी. कोविडच्या लसीचं आठवा ना, १८ ते ४४ वयाच्या लोकांना आधी फक्त कोविन या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून लस मिळत होती, मुंबई-पुण्याची मुलं स्लॉट पकडून खेड्यातल्या केंद्रांवर येत होती आणि तिथल्या माणसाला स्लॉट मिळत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात केंद्राला हेच विचारलं की ज्यांच्याकडे फोन नाही, नेट नाही त्यांचं काय. गावातल्या माणसांना आधी विचारलं असतं तर हे कोर्टापर्यंत जायची वेळ आली नसती असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : देवगडहून लिहितेय. सर्व्हेत लोक म्हणतात आमच्याकडे कार्ड आहे, पण कोणतं ते त्यांनाच माहीत नाही. आईला एका दवाखान्यात सांगितलं आभा नाही तर केसपेपर निघणार नाही. हे खरं आहे का?

उत्तर : नाही, खरं नाही. आभा ऐच्छिक आहे, ती नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, केसपेपर साध्या पद्धतीने निघालाच पाहिजे. आभा म्हणजे १४ आकडी नंबर, त्यावर तुमचे रिपोर्ट जोडले जातात, त्यात पैसे नसतात. पैशाचं ते आयुष्मान कार्ड, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार, आणि आपल्याकडे ते महात्मा फुले योजनेशी जोडलेलं आहे. सर्व्हे करताना कार्ड दाखवा म्हणायचं आणि आपण बघून लिहायचं, नंबर उतरवायचा नाही, फोटो काढायचा नाही. आभासाठी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. आईच्या आधारला भावाचा नंबर असेल तर आधार केंद्रावर आईला घेऊन जाऊन तिचा स्वतःचा लावून घ्या, एक फेरी पडेल पण पुढच्या दहा वाचतील. कोणाकडे फोनच नसेल तर जबरदस्तीने नंबर घ्यायला लावू नका.

प्रश्न : आमच्या वाडीने मागे अशाच एका अभ्यासाला माहिती दिली, तास तास बसलो, पुढे काय झालं कोणी सांगायला आलं नाही. आता परत दुसरे आलेत. द्यायची का माहिती? (मालवण तालुका)

उत्तर : आधी त्यांना हे सगळं ऐकवा, अगदी असंच. मग विचारा, निष्कर्ष वाडीत कधी आणणार, कोणत्या भाषेत, आणि आम्हाला ते चुकीचे वाटले तर बदलणार का. तारीख लिहून दिली तरच बसा, नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्यामुळे दवाखान्यातली कुठलीही सेवा बंद होत नाही.

पीअर रिसर्चर मुलांनाही माझं हेच सांगणं असतं, रिपोर्ट इंग्रजीत जिल्ह्याला गेला म्हणून काम संपत नाही. दोन पानी मराठी कागद करा, एक पान काय सापडलं, एक पान काय हवंय. मागण्या छोट्या आणि नेमक्या ठेवा, सबसेंटरला इन्व्हर्टर, आठवड्यातून ठरलेला एक दिवस सीएचओंकडून डॉक्टरांशी बोलणं करून देण्यासाठी, ओटीपी आला नाही तर काय करायचं याची पाटी काउंटरवर. तो कागद पीएचसीच्या रुग्ण कल्याण समितीला द्या, आणि गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीलाही, तिच्याकडे थोडा का होईना स्वतःचा निधी असतो. आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय लेखी अर्ज देऊन घालून घ्या, आयत्या वेळचा विषय म्हणून नको, तो शेवटी येतो आणि तोपर्यंत बायका उठून गेलेल्या असतात. १ मेची ग्रामसभा धरा. मे महिन्यात चाकरमानी पण गावी असतात, ज्यांच्या फोनवर आईचा ओटीपी येतो ते पण समोर बसलेले असतील.